एमआरपी म्हणजे सरकारी भाव नव्हे

"सरकारने ठरवलेली किंमत आहे साहेब, आम्ही काय करणार?" तपकीर गल्लीत मोबाईलच्या केबलच्या खोक्यावरचा ५९९ दाखवून दुकानदार म्हणाला. मी पायरी उतरलो तर मागून हाक, "बरं, १५० द्या!" सरकारी भाव असा पायरीवर उतरत नसतो.

एमआरपी काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: वेष्टनावर छापलेली, सगळ्या करांसकट, दुकानात त्याहून जास्त घेता येत नाही. गार बाटलीमागे 'कूलिंग'चे दोन रुपयेसुद्धा नाहीत. (हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये यातून सूट दिली.) आणि 'एमआरपी रेट' म्हणू नका हो, त्यातला पी प्राइसचाच आहे.

घोळ होतो तो पुढे. हा आकडा ठरवतं कोण? कंपनी. वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापं नि वेष्टनांवरच्या छपाईचे, २०११ चे नियम आकडा छापायला लावतात. केवढा छापायचा, यावर अवाक्षर नाही. केबल चाळीसला पडली की चारशेला, कोणी विचारत नाही. मग त्या ५९९ मध्ये वितरक, घाऊकवाला, दुकानदार सगळ्यांचं मार्जिन मावतं, वर ऑनलाइनच्या '७०% सूट'लाही जागा उरते. आणि हे ध्यानात घ्या, फुगवलेला आकडा निव्वळ आपल्यासाठी नसतो, तो दुकानदारालाही दाखवलेला असतो. दोन केबली त्याला सारख्याच भावात पडत असतील, तर ज्यावर जास्त छापलंय तीच तो पुढे करणार. म्हणून अशा मालात चढाओढ स्वस्ताईची नसते, जास्त छापण्याची असते.

सरकारी कमाल भाव हे प्रकरणच निराळं, आणि तो मोजक्या वस्तूंनाच आहे. मुख्यतः अत्यावश्यक यादीतली औषधं, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटना (तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्यांना) तो लागला: साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६००, कर वेगळा. त्याआधी लेपाच्या स्टेंटवर लाखाच्या वरचे आकडे छापलेले असत. ती एमआरपीच होती, पूर्ण कायदेशीर!

यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत मात्र कंपनीच ठरवते. वर्षात १०% पेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढाच लगाम. सुरुवातीलाच भरपूर छापलं की झालं.

आमच्या आईला केमिस्ट १५% सोडतो, तेव्हा ती खुशीत येते, "सरकारी भावातही कमी केले त्याने." परवा तिच्या गोळ्यांच्या पट्टीशेजारी त्याच औषधाची जनऔषधीतली, म्हणजे सरकारी योजनेच्या औषध दुकानातली, पट्टी ठेवली. औषधाचं नाव तेच, मिलिग्रॅम तेवढेच. छापील किंमत तिने चष्मा लावून दोनदा वाचली.