स्वस्त लॅपटॉपचं घोडं अडतं कुठे?

ईमेल, लाइटबिल भरणं, मुलांचे क्लास, एक्सेलमधला हिशेब, यूट्यूब आणि थोडं मराठी टायपिंग, एवढ्या कामाला महागडं यंत्र लागत नाही. तरीही कमी बजेटमध्ये घेतलेला लॅपटॉप वर्षभरात अडखळायला लागतो, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आय-थ्री घेऊ की आय-फाइव्ह?" तो विचारायला हवाच, पण त्याचा नंबर नंतरचा. रोजच्या कामात प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप (आय-थ्री, आय-फाइव्ह ही इंटेलच्या अशा चिपची नावं), बराचसा वेळ रिकामा बसलेला असतो आणि हवी ती माहिती समोर येण्याची वाट पाहत असतो. बजेट कमी असेल तर पैसे आधी ही वाट कमी करण्यावर घालावेत.

ही वाट किती लांब असते? रॅममधून (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) माहिती यायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळाला आपण १ सेकंद मानू. त्याच मापाने चांगल्या एसएसडीतून (फिरता भाग नसलेली, चिपवरची कायमची साठवण) तीच माहिती यायला साधारण १७ मिनिटं लागतील आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून जवळजवळ पावणेदोन दिवस. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. म्हणजे जे काम १ सेकंदात व्हायचं ते १७ मिनिटांवर किंवा दोन दिवसांवर जातं. ब्राउझरच्या एका टॅबवरून दुसऱ्यावर गेल्यावर पान पांढरं पडतं आणि मग हळूहळू उमटतं, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

म्हणून आधी रॅम पाहा. विंडोज ११ सुरू होऊन नुसतं बसलं तरी ३-४ जीबी खातं. त्याच रॅममधून थोडा वाटा ग्राफिक्सही घेतं, त्यामुळे ८ जीबीच्या लॅपटॉपवर '७.७ जीबी वापरण्याजोगी' असं दिसतं आणि काही मॉडेलांत त्याहूनही कमी. मायक्रोसॉफ्टच्या लेखी ४ जीबी ही किमान अट असली, तरी ४ जीबीचं नवं यंत्र आज घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. ८ जीबीवर काम भागतं, १६ जीबीवर पुढची चार-पाच वर्षं निर्धास्त जातात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम पुढे वाढवता येते का. काही लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेल्या असतात, दुकानदार त्याला 'ऑनबोर्ड' म्हणतात. ती आज ८ असेल तर शेवटपर्यंत ८ च राहणार. शोरूममधल्या डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. खाली 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'एसओडिम' लिहिलं असेल तर रॅम स्लॉटमध्ये आहे. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर डागलेली. 'स्लॉट्स यूज्ड'मध्ये २ पैकी १ दिसलं, तर रिकाम्या स्लॉटमध्ये पुढे आणखी एक पट्टी बसेल. दोन पट्ट्या असल्या की रॅमकडे जाणारा रस्ताही दुपदरी होतो: डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीला सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींना मिळून ५१.२.

आता साठवण. नव्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क फारशी दिसत नाही, पण जुन्या यंत्रांत ती अजून आहे. ती का रडवते हे टास्क मॅनेजरमध्येच दिसतं: डिस्क १०० टक्के व्यस्त आणि वेग मात्र सेकंदाला १ एमबीही नाही. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, शिवाय सुई योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदात जेमतेम ६० वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर हाती २४० केबी पडतात. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागतं. अशा जुन्या यंत्रात हार्डडिस्क काढून साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी बसवली, तर तोच प्रोसेसर नवा वाटायला लागतो.

नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये फसगत होते ती ईएमएमसीमुळे. हीसुद्धा फ्लॅश मेमरीच, पण मेमरी कार्डाच्या जातीची: एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते, कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी, आणि बोर्डावर डागलेली असल्याने बदलता येत नाही. जाहिरातीत ६४ किंवा १२८ जीबी एवढंच लिहिलं असेल, तर ती एसएसडी आहे का हे विचाराच. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे, त्यामुळे तेवढ्यात वर्षाचं मोठं अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. २५६ जीबीची एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान जोडणीची) एसएसडी घरच्या कामाला पुरते, ५१२ असली तर उत्तम. ५१२ घेऊन ४७६ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त. फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत मोठं नाव वाचून थांबू नये, पुढचा पूर्ण क्रमांक वाचावा. आय५-७२००यू मध्ये दोनच कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत तो नाही. आय३-१२१५यू मध्ये सहा कोर आहेत. इथे आय-थ्री सरळ सरस ठरतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचंही तसंच. रायझेन ५ ७५२०यू आणि ७५३०यू या नावांत एकाच अंकाचा फरक, पण या मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिला चार कोरचा आणि २०१९ साली आलेल्या झेन २ रचनेचा, दुसरा सहा कोरचा आणि झेन ३ चा. इंटेलचा एन१०० चार कोरचा आहे, वीज कमी खातो, आणि सोबत ८ जीबी रॅम व खरी एसएसडी असेल तर वर सांगितलेली सगळी कामं करतो. सेलेरॉन एन४०२० मात्र दोन कोरचा; तो टाळावा.

पडदा निवडताना मराठी वाचकाने जरा जास्तच चोखंदळ असावं. १५.६ इंची पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर इंचात सुमारे १०० ठिपके बसतात, फुल एचडीत १४१. इंग्रजी अक्षरं १०० मध्ये निभावून जातात. देवनागरीत मात्र रेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, शिवाय 'द्ध', 'ष्ट्र' सारखी जोडाक्षरं. बारीक टाइपात ती एकमेकांत मिसळून डाग दिसतात. फुल एचडीच घ्या, आणि आयपीएस पॅनेल (कुठल्याही बाजूने रंग जवळजवळ सारखे दाखवणारा) आहे ना ते पाहा. एखादा फोटो उघडून वरून, खालून, बाजूने बघा. खालून पाहताना रंग काळपट किंवा उलटे दिसले तर तो टीएन, म्हणजे हलक्या प्रतीचा पॅनेल.

बिजागरीकडे कोणी लक्ष देत नाही आणि वॉरंटी संपल्यावर नेमकी तीच तुटते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडताना सगळा ताण त्या प्लॅस्टिकवर येतो, नट उखडतो आणि पडद्याची कड फाकते. झाकण कोपऱ्याला धरून न उघडता मधोमध धरून उघडलं तर ताण दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

कंपन्यांनी वापरून विकलेले बिझनेस लॅपटॉप हा चांगला पर्याय आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतात. थिंकपॅड टी४८० सारख्या यंत्रात रॅमचे दोन स्लॉट असतात आणि आठव्या पिढीचा चार कोरचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. सातव्या पिढीचं यंत्र मात्र विंडोजसाठी घेऊ नये, कारण त्यावर चालणाऱ्या विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे देण्यापूर्वी बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते पाहा. दुकानातच इंटरनेट जोडून विंडोज रीसेट करायला लावा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन आलं, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे, सोडून द्या. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट असं (powercfg /batteryreport) टाइप करा. तयार होणाऱ्या पानावर 'डिझाइन कपॅसिटी' ४१,००० आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' २७,००० मिलिवॉट-तास दिसली, तर बॅटरीची एक तृतीयांश ताकद संपली आहे. नव्या बॅटरीची किंमत तिथल्या तिथे विचारा आणि भावातून तेवढी कमी करून मागा.