ईमेलमधील छुपी ट्रॅकिंग चित्रे आणि त्यांना अटकाव

मेल कोणी, केव्हा आणि साधारण कुठून उघडला हे पाठवणाऱ्याला कळावे म्हणून मजकुरात दडवलेले, डोळ्यांना न दिसणारे चित्र. ट्रॅकिंग पिक्सेल, वेब बीकन, वेब बग, स्पाय पिक्सेल ही त्याची रूढ नावे. चित्र बहुधा १ पिक्सेल रुंद, १ पिक्सेल उंच आणि पारदर्शक असते. अशी जिफ फाइल जेमतेम ४३ बाइटमध्ये मावते.

हे चित्र मेलबरोबर येतच नाही, येतो तो फक्त त्याचा पत्ता. मेल उघडला की आपले ॲप त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे चित्र मागते, आणि ही मागणी हीच खबर. एखाद्या स्पॅम मेलचा मूळ कोड पाहिला, तर तळाशी रुंदी-उंची १ असलेला चित्राचा टॅग आणि पत्त्याच्या शेपटाला आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ सापडते. ही माळ प्रत्येकाला वेगळी दिलेली असते, त्यामुळे कोणाचा मेल उघडला गेला हे लगेच ओळखू येते. सोबत वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून साधारण ठिकाण कळते), ॲप व उपकरणाचा प्रकार यांची नोंद सर्व्हरवर पडते. रजिस्टर टपालाच्या पोचपावतीवर निदान आपण सही तरी करतो. इथे पावती परस्पर जाते.

जाहिराती आणि वार्तापत्रे पाठवणाऱ्या कंपन्याही हे तंत्र सर्रास वापरतात. स्पॅमवाल्याला मात्र मुख्यतः एकच गोष्ट हवी असते : ईमेल पत्ता चालू आहे का? त्याच्याकडच्या याद्या चोरीच्या किंवा अंदाजाने जुळवलेल्या असतात. त्यांतला जो पत्ता जिवंत निघतो त्याची किंमत वाढते आणि त्यावरचा माराही. म्हणून मेल उघडून लगेच डिलीट केला तरी व्हायचे ते होऊन गेलेले असते. स्पॅममधल्या ‘अनसबस्क्राइब’ दुव्यावर क्लिक केल्यानेही स्पॅमवाल्याला हेच कळते.

खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरची चित्रे मागवायचीच नाहीत. आउटलुकच्या २००३च्या आवृत्तीत ही चित्रे आपोआप उतरवणे बंद झाले. थंडरबर्डचेही धोरण तेच. जीमेल आधी विचारत असे, पण डिसेंबर २०१३पासून गूगलच्या मधल्या सर्व्हरमार्फत चित्रे आपोआप दाखवू लागले. त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता झाकला जातो. पण हा सर्व्हर चित्र आणतो तो मेल उघडल्यावरच, म्हणजे उघडल्याची खबर जायची ती जातेच. सोय झाली, अटकाव अर्धाच राहिला. चित्रांआधी विचारण्याचा पर्याय जीमेलच्या सेटिंग्जमध्ये अजून आहे, तो निवडावा. स्पॅम फोल्डरमधल्या मेलची चित्रे जीमेल एरवीही दाखवत नाही.

ॲपलने २०२१ साली आयओएस १५मध्ये उलटी वाट धरली. तिथल्या मेल ॲपमध्ये हे संरक्षण चालू असेल, तर मेल उघडा अगर न उघडा, चित्रे मधल्या सर्व्हरमार्फत आधीच मागवून ठेवली जातात. न उघडलेले मेलही उघडल्यासारखे दिसू लागल्याने ‘किती जणांनी उघडला’ हा जाहिरातदारांचा लाडका आकडा बेभरवशाचा झाला. मात्र इनबॉक्सपर्यंत पोचलेल्या स्पॅमचे चित्र असे मागवले गेले, तर पत्ता चालू असल्याचा सुगावा त्यातूनही लागू शकतो.

फक्त १ पिक्सेलची चित्रे गाळणारी साधने अपुरी पडतात. कंपनीचा भलामोठा लोगोही तीच हेरगिरी करू शकतो, तसेच पार्श्वभूमीचे चित्र किंवा बाहेरून मागवलेला फॉन्टही. याउलट मेलमध्येच जोडून आलेले चित्र दाखवायला कोणाकडे काही मागावे लागत नाही, त्यामुळे त्यातून ही खबर जात नाही.

धोका कधी कधी पोचपावतीपुरता राहत नाही. २०१८ साली उघड झालेल्या ‘ईफेल’ त्रुटींत हल्लेखोराला कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) मेलभोवती चित्राचा अर्धवट टॅग रचता येत होता. मेल ॲपने मजकूर उलगडला की तो सबंध मजकूरच चित्राच्या पत्त्याचा भाग होऊन हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जाई. संशोधकांनी तेव्हा सुचवलेल्या तातडीच्या उपायांत एचटीएमएल, म्हणजे चित्रे-रंग-मांडणीसह येणारे मेलचे रूप, दाखवणे बंद करणे हाही होता. तसे केले की मेल निव्वळ साध्या मजकुरात दिसतो आणि चित्र मागवण्याचा प्रश्नच उरत नाही.