चार्टर शाळेसाठी अनुदान: अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा, काढू पाहणाऱ्यांना तिथल्या फेडरल शिक्षण खात्याच्या ‘चार्टर स्कूल्स प्रोग्रॅम’मधून अनुदान मिळतं. शिक्षक, पालक, परिसरातली मंडळी असा कुणाचाही गट अर्ज करू शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ते मिळत नाही. शाळा सार्वजनिक हवी, फी नको, धर्मशिक्षण नको आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर प्रवेश सोडत काढूनच. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळा यात बसत नाहीत. दरवर्षी कुणीतरी आशेनं विचारतं, म्हणून आधीच सांगते.

पहिली गफलत अर्ज कुठे करायचा यातच होते. तुमच्या राज्यात ‘स्टेट एन्टिटी’ अनुदान, म्हणजे राज्यातल्या एका संस्थेमार्फत वाटलं जाणारं अनुदान, चालू असेल, तर अर्ज राज्यातल्या त्या संस्थेकडे करायचा. ते नसेल तरच ‘डेव्हलपर’ म्हणजे शाळा काढणाऱ्यांच्या अनुदानासाठी थेट वॉशिंग्टनला. हे न बघता महिनाभर खपून लिहिलेला अर्ज अपात्र ठरतो.

दुसरी अडचण ऑथोरायझरची, म्हणजे शाळेला सनद देणाऱ्या संस्थेची. ‘आधी पैसे येऊ देत, मग सनदेचं बघू’ असं अनेकांच्या मनात असतं. कायद्याचा क्रम उलटा आहे. सनदेसाठी अर्ज आधी झालेला हवा आणि आपण हे अनुदान मागतोय हे ऑथोरायझरला वेळेत कळवलेलं हवं. फोनवर सांगून भागवू नका. पत्र पाठवा, प्रत जपून ठेवा.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती फेडरल अनुदानाच्या अर्जासाठी संस्थेला लागणाऱ्या यूईआय या 12 अक्षर-आकड्यांच्या क्रमांकापाशी. तो सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, पण त्यासाठी संस्थेचं नाव आणि पत्ता सिद्ध करावा लागतो. नव्या गटाला ऑफिस कुठलं असायला? माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं घरचं विजेचं बिल जोडलं. बिलावर तिच्या नवऱ्याचं नाव, नोंदणीपत्रावर संस्थेचं. अर्ज परत आला. ज्यांनी अजून वर्गही पाहिलेला नाही अशा संस्थेकडून जुन्या दुकानासारखे कागद मागायचे, याचा मला खरंच राग येतो. पण उपाय एवढाच: नोंदणीपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट दोन्हीवर नाव-पत्ता अक्षरन् अक्षर सारखा ठेवा. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. यात आठवडे जातात, म्हणून प्रस्ताव लिहायच्या आधी हे काम सुरू करा.

अर्जाची मुदत रात्री 11:59:59ची असली तरी ती ईस्टर्न, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या वेळेची. कॅलिफोर्नियात तेव्हा नऊ वाजायचे असतात. त्याच बाईंनी पुढच्या खेपेला साडेनऊला ‘सबमिट’ दाबलं. मी शेजारीच बसले होते. मुदत पुढे ढकलायला कुणीच नसतं, अर्ज उशिराचा तो उशिराचाच. निदान दोन दिवस आधी पाठवा.

अनुदान जास्तीत जास्त पाच वर्षांचं, त्यातले तयारीसाठी फार तर 18 महिने. साहित्य, शिक्षकांचं प्रशिक्षण, किरकोळ दुरुस्ती यावर खर्च चालतो. नवी इमारत बांधता येत नाही, तेव्हा जागेची सोय वेगळी बघा.

आणि सॅमची नोंदणी फुकट असते. ‘करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तरच देऊ नका. ती नोंदणी दरवर्षी नव्यानं करावी लागते, ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.