साध्या मोबाइल नेटवर्कवरची पेटंट आणि दरांची अडचण

साधं नेटवर्क म्हणजे टूजी जीएसएम, मोबाइलची दुसरी पिढी, त्यावर मुख्यतः कॉल, एसएमएस आणि *99# सारखे स्टार-हॅशचे कोड चालतात. त्यावर नव्या सेवा फारशा का निघाल्या नाहीत याची दोन कारणं सांगतात, एक पेटंट, दुसरं दर.

पेटंटचा घोळ जुना आहे. 1988 च्या सुमारास युरोपातल्या टेलिफोन कंपन्या यंत्रं बनवणाऱ्यांना म्हणाल्या की जीएसएमच्या मानकातली, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेल्या तांत्रिक नियमांतली, पेटंट फुकट वापरू द्या, मोटोरोला अडून बसली, मग बड्या कंपन्यांनी आपसात 'तुझं मला, माझं तुला' असे करार केले आणि ज्यांच्याकडं द्यायला पेटंटच नव्हतं त्यांना आत शिरणं अवघड झालं. पुढं 'रास्त रॉयल्टी' (पेटंट वापरायचे वाजवी पैसे) हे तत्त्व आलं, पण रास्त म्हणजे किती ते मोघमच राहिलं. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीनं 2013 मध्ये मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीवर दिल्ली हायकोर्टात पेटंटची केस केली तेव्हा हाच मुद्दा निघाला, टक्का अख्ख्या फोनच्या किमतीवर लावायचा की आतल्या चिपच्या? फोनवर लावला तर चिप तीच असली तरी महाग फोनाला जास्त रॉयल्टी पडते. लावा या दुसऱ्या भारतीय फोन कंपनीच्या केसमध्ये 2024 ला एरिक्सनला 244 कोटी मंजूर झाले.

तरी पेटंट 20 वर्षांत संपतं, जीएसएमची पहिली पेटंट केव्हाच संपली, त्यामुळं दरांनी जास्त अडवलं हे मत अधिक पटतं. एसएमएस 160 अक्षरांचा, पण देवनागरीत 70 च, आणि काना, वेलांटी, हलंतसुद्धा वेगळं मोजतात. 'मंगळवारी गड्ड्याला येतोय, सातची एसटी आहे, स्टँडवर ये, आईची चादर घेऊन ठेव' हा मेसेज (गड्डा म्हणजे सोलापूरची जत्रा) 72 भरतो, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे, तोच रोमन लिपीत एकात बसतो. मग मराठी रोमनमध्ये टाइप करायची सवय लागली त्यात नवल काय. मिस कॉलची भाषाही अशीच पैसे वाचवायला निघाली, एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो.

स्टार-हॅशचं तर वाईटच वाटतं. इंटरनेट लागत नाही, कुठल्याही डबड्या फोनवर चालतं, *99# वर बँकेचा बॅलन्स मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत बघता येतो, सोलापूरला अजून काय पायजे? पण प्रत्येक वेळेचा दर मोबाइल कंपनीच्या हातात होता, ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) आधी कमाल दीड रुपया ठरवला, नोव्हेंबर 2016 ला 50 पैसे केला, आणि बँकिंगसाठी तो शून्य झाला 2022 मध्ये. तोवर सोलापूरच्या नवी पेठेत दुकानादुकानांत क्यूआर कोड चिकटले होते.