नेमबाजी क्लबची शस्त्रकोठी (बेळगाव सीमाभाग)

नेमबाजी क्लबची शस्त्रकोठी : क्लबच्या आणि सभासदांच्या रायफली, पिस्तुले व काडतुसे कुलुपात, कोरडी आणि मोजून ठेवण्यासाठी बांधलेली खोली. रोजच्या बोलण्यात तिला स्ट्राँगरूम म्हणतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याला बंदूक नवी नाही. खानापूरच्या जंगलकडेच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक परवान्यावर बाळगली जाते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. खेळाची ओढ मात्र बरीचशी कोल्हापूरकडून आली. तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे जागतिक विजेतेपद, राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्ण आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्य, ही नावे सीमेच्या अलीकडेही घरची मानली जातात. मुले खेळाकडे वळतात तेव्हा पालक पहिला प्रश्न विचारतात तो बंदूक ठेवायची कुठे, हाच. आणि तो रास्त आहे.

कायदा : शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालील नियम २०१६ चे आहेत. परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. नामांकित नेमबाजांना जास्त सवलत आहे. कर्नाटकातल्याच कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातील कोडव समाजाला परवान्यातून मिळालेली सूट बेळगाव भागात लागू नाही. बेळगाव शहरात २०१४ पासून पोलीस आयुक्तालय असल्याने तिथला परवाना अधिकारी आयुक्त असतो, उरलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. ४.५ मिमी नळीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला (दाबलेल्या हवेने छर्रा सोडणारी) परवाना लागत नाही. म्हणून ती कोपऱ्यात टेकवून ठेवणारे क्लब आहेत. हे थांबले पाहिजे, कारण तिचा छर्रा जवळून डोळा कायमचा निकामी करू शकतो. परवाना लागो वा न लागो, प्रत्येक शस्त्र कोठीतच हवे.

बांधकाम : कोठी इमारतीच्या मधोमध, बाहेरची भिंत आणि खिडकी नसलेल्या जागी घ्यावी. भिंत काँक्रीटची किंवा सळईचे पट्टे घातलेली ९ इंची विटांची असावी. क्लब बहुतेक पैसा जाड लोखंडी दारावर घालतात आणि वर कौलारू छप्पर तसेच ठेवतात. चार कौले सरकवली की आत उतरता येते, मग दाराची जाडी काय कामाची? म्हणून स्लॅब ही पहिली गरज आहे. जुन्या घरात क्लब भरत असेल आणि स्लॅब शक्य नसेल, तर खोलीचा नाद सोडून जमिनीत अँकर बोल्टने जखडलेली जड तिजोरी घेणे बरे. नुसती उभी ठेवलेली तिजोरी चारजण उचलून टेम्पोत घालतात.

गवंड्याशी बोलताना माती विसरू नये. अथणी, गोकाक, बैलहोंगलकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर चौकट तिरकी होते आणि कुलपाची जीभ खाचेत बसत नाही. दार अर्धवट लागलेले आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. खानापूरकडे दुखणे वेगळे: जांभ्याचे चिरे पाणी पितात. तिथे चिऱ्याच्या भिंतीला आतून काँक्रीटचे अस्तर, बाहेरून चांगला गिलावा आणि जोत्यात ओलप्रतिबंधक थर घालावाच लागतो. दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला, कुलपे दोन आणि वेगवेगळ्या किल्ल्यांची.

ओल : कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती कोरड्या होत नाहीत आणि बेळगाव शहरातही कपड्यांना कुबट वास येतो. एवढ्या हवेत नळीवर काही दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. त्यासाठी आर्द्रतामापक भिंतीवर टांगावा आणि रोजचा आकडा लिहावा. आर्द्रता शोषणारे यंत्र परवडत नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. फोमच्या पेटीत रायफल महिनोन्महिने ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. पेटी प्रवासापुरती.

आतली मांडणी : रायफली उभ्या रॅकमध्ये, घोड्याभोवतीच्या (ट्रिगर गार्डच्या) कड्यातून साखळी ओवून. नळीत रंगीत सुरक्षा दोरी, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. रायफलीचे बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा, काढता येणारा भाग) वेगळ्या कपाटात, काडतुसे तिसऱ्या कपाटात. या कपाटांच्या किल्ल्या एकाच झुबक्यात असतील तर वेगळेपणाला अर्थ उरत नाही. तेल, सॉल्व्हंट (नळी साफ करायचा द्रव), चिंध्या कोठीत नकोत. आगीला खाऊ मिळतो, शिवाय तेल झिरपले तर काडतूस फुसके निघते. एअर रायफलीच्या हवेच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे २०० बारपर्यंत दाब असतो. ते उन्हापासून, हीटरपासून दूर ठेवावेत आणि उत्पादनाला दहा वर्षे झाली की बाद करावेत.

किल्ली आणि नोंदवही : कोठीची खरी ताकद इथे ठरते. दोन कुलपांच्या किल्ल्या दोन माणसांकडे हव्यात आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडू नये. गावच्या क्लबात हा नियम मोडतो तो वाईट हेतूने नव्हे, भिडेपोटी. ‘अण्णा, मी जरा उशिरा येतो, किल्ली तुमच्याजवळच राहू दे,’ असे कुणी म्हणते आणि अण्णांना नाही म्हणवत नाही. ही भीड क्लबच्या अध्यक्षाने स्वतःपासून मोडावी. नोंदवहीत शस्त्राचा क्रमांक, नेणाऱ्याची सही, नेल्याची आणि परत ठेवल्याची वेळ, दिलेली काडतुसे, उडवलेली, परत आलेली आणि रिकामी पुंगळी, सगळे लिहावे. सरावानंतर बेरीज जुळल्याशिवाय कुणी घरी जाऊ नये. एक काडतूस कमी भरले तरी शोध तिथेच, त्याच संध्याकाळी. शस्त्र हरवले तर पोलिसांना तात्काळ कळवणे बंधनकारक आहे. दारावरच्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत असाव्यात; तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला आणि सराव करणाऱ्या मुलाला त्या सारख्याच वाचता आल्या पाहिजेत. वीज जाते म्हणून कॅमेरा व भोंग्याला बॅटरी हवीच.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बंदुका बाहेर काढायची रीत आहे. क्लबने पूजा कोठीतच, काडतुसांचे कपाट बंद ठेवून करावी. फोटोसाठी हातोहात बंदूक फिरवू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य नेमबाजांना त्यातून सहसा सूट मिळते, पण ती आधी अर्ज करून लेखी घ्यावी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते.

स्पर्धेसाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जाताना कोगनोळीजवळ राज्याची सीमा लागते. परवान्यावर महाराष्ट्रातही वैध असल्याची नोंद आहे का, हे निघण्याआधी पाहावे. शस्त्र रिकामे आणि पेटीत, काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात, सोबत मूळ परवाना आणि स्पर्धेचे प्रवेशपत्र. परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर शस्त्र क्लबच्या कोठीत ठेवून चालत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते.