सुई, ॲडेनोसिन आणि आबे फारिया

मांद्रे-हरमलच्या रस्त्याने जाताना एका फलकापाशी गाडी थांबवली. ॲक्युपंक्चरने बऱ्या होणाऱ्या रोगांची यादी होती: कंबरदुखी, आणि तिच्या खालोखाल मधुमेह, थायरॉईड, वंध्यत्व. त्याच आठवड्यात डिचोलीहून मावशीचा फोन आला. काजूच्या हंगामात वाकून बिया वेचल्या की तिची कंबर धरते. "सुया टोचून घेऊ काय रे?" मी म्हटले, कंबरेसाठी घे, साखरेसाठी नको.

असे का म्हटले, ते सांगतो.

एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, हे आपण शाळेत शिकलो. पेशीच्या आत तो भरपूर असतो, बाहेर जवळजवळ नसतो. सुई टोचून फिरवली की आसपासच्या पेशी ताणल्या जातात, काही दुखावतात, आणि एटीपी बाहेर सांडतो. तिथे टपून बसलेली विकरे (एन्झाइम्स) त्याचे एकेक फॉस्फेट काढून घेतात. एटीपीचा एडीपी होतो, त्याचा एएमपी, आणि शेवटी उरते ॲडेनोसिन. ते वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूवरच्या ए-१ या ग्राहीवर (रिसेप्टरवर), किल्ली कुलपात बसावी तसे, जाऊन बसते आणि तंतू शांत होतो.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१० साली हे उंदरांवर दाखवले. गुडघ्याखालच्या झुसानली या बिंदूत अर्धा तास सुई ठेवली, मधूनमधून फिरवली. तिथले ॲडेनोसिन सुमारे २४ पट झाले आणि दुखऱ्या पायाला आराम पडला. सुई नुसती खुपसून ठेवली, फिरवली नाही, तर आराम नाही. ज्या उंदरांत जन्मतःच ए-१ ग्राही नव्हती, त्यांना सुई फिरवूनही काही फरक पडला नाही. मग त्यांनी डिऑक्सीकोफॉर्मायसिन दिले. हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध, पण ते ॲडेनोसिन मोडणाऱ्या विकरालाही अडवते. तासाभराचा आराम तीन तासांवर गेला. कुलूप काढून घेतले तर किल्ली निकामी, किल्ली जास्त टिकवली तर दार जास्त वेळ उघडे: कार्यकारण सिद्ध करण्याची इतकी नेटकी रीत मी क्वचितच पाहिली आहे. पुढे याच गटाला माणसांतही सुईच्या जागी ॲडेनोसिन वाढलेले आढळले. शिवाय मेंदूतली एंडॉर्फिन्सही यात भाग घेतात, ते १९७०च्या दशकापासून माहीत आहे.

या सगळ्यात चिनी परंपरेतल्या, शरीरात वाहिन्यांतून फिरते म्हणतात त्या ‘ची’ नावाच्या शक्तीची गरज कुठेच लागली नाही. तिच्या वाहिन्या शवविच्छेदनात कुणाला सापडलेल्या नाहीत. आणि वेदनेचा तंतू शांत झाला म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन बनवू लागत नाही. फलकावरचा मधुमेह वाचून कुणी गोळ्या बंद केल्या, तर त्याचे डोळे आणि मूत्रपिंडे पणाला लागतात. याचा मला खरोखर संताप येतो.

पण कंबरदुखीची गोष्टही सरळ नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. पारंपरिक बिंदूंवर सुया घेणाऱ्यांपैकी ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी बरे वाटत होते. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. आणि औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुयांचा उपयोग झाला, पण नेमक्या बिंदूला फारसे महत्त्व उरले नाही.

इथे मला पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियांचा पुतळा आठवतो. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री. संमोहनात चुंबकीय द्रव वाहतो असे मेस्मर या वैद्याचे अनुयायी म्हणत होते, तेव्हा पॅरिसमध्ये फारियांनी सांगितले की द्रव-बिव काही नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते. अर्धा तास स्वस्थ पडून राहणे, कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देणे, बरे वाटेल ही अपेक्षा: मेंदू यावरूनही वेदना कमी-जास्त करतो, आणि तो आराम खोटा नसतो.

मावशीला तीन गोष्टी सांगितल्या. सुयांचे पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. रक्त पातळ करणारी गोळी घेतेस, ते आधी सांग. छातीवर टोचू देऊ नको, खोल गेलेली सुई फुफ्फुसाला भोक पाडू शकते. चहातले कॅफिन ॲडेनोसिनचीच जागा अडवते, हेही सांगून टाकले. त्यावर ती म्हणाली, चहा सुटायचा नाही. मग सुया चहाच्या आधी घे म्हटले.