प्रेअरीचं भंगार आणि मिश्र माध्यमातली कला

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर, आधारलेली मिश्र माध्यमातली (रंगांसोबत वेगवेगळं सामान जोडून केलेली) कामं पाहताना नजर आधी क्षितिजाकडे जाते. खाली गवताचा पट्टा, वर अफाट आकाश. मला त्याहून बोलकं वाटतं ते त्यातलं सामान: पडक्या कोठाराच्या फळ्या, गंजलेली काटेरी तार, नांगराचे फाळ, गोणपाट. ज्या वस्तूंनी मूळचं गवत संपवलं, त्याच वस्तूंतून आज ते गवत पुन्हा साकारलं जातं.

१८३७ मध्ये इलिनॉयमधल्या जॉन डिअर या लोहाराने पोलादी नांगर बनवला. प्रेअरीची काळी चिकट माती जुन्या बिडाच्या फाळाला धरून बसायची, गुळगुळीत पोलादावरून ती सुटू लागली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकरांची मालकी मिळू लागली. कुंपणाला लाकूड नव्हतं. ती अडचण १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने सोडवली. उंच गवताची प्रेअरी आज मूळच्या चार टक्केही उरलेली नाही.

झाडं विरळ असल्यामुळे सुरुवातीची घरं मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांची होती. फळ्या दूरच्या जंगलांतून रेल्वेने यायच्या, त्यामुळे एकदा आलेली फळी कुणी फेकत नसे. पिठाच्या आणि खाद्याच्या कापडी पिशव्यांचे कपडे आणि गोधड्या व्हायच्या. म्हणजे आज ज्याला कलेतला पुनर्वापर म्हणतात, तो तिथे आधी निव्वळ गरज होता.

या इतिहासात सर्वांत आधी नाव घ्यायला हवं ते मैदानी आदिवासींचं. पिढ्यान्‌पिढ्या ते बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या प्राण्याच्या, कातड्यावर युद्धं, शिकारी आणि सरलेली वर्षं रंगवत. बायसनची बेसुमार कत्तल झाली, लोकांना राखीव क्षेत्रांत कोंडलं गेलं, आणि कातडंच मिळेनासं झालं. मग चित्रं उतरली व्यापाऱ्यांच्या आणि लष्कराच्या हिशेबाच्या वह्यांवर. १८७५ ते १८७८ या काळात फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनमध्ये कैदेत असलेल्या शायान, कायोवा आणि इतर जमातींच्या योद्ध्यांनी अशी शेकडो चित्रं काढली. काही वह्यांत आधीच्या नोंदी तशाच आहेत आणि त्यांच्यावरून घोडे दौडताहेत.

कलेचा इतिहास सांगताना मात्र हाताशी आलेल्या वस्तूंतून कला घडवण्याचं श्रेय सहसा युरोपकडे जातं. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ मध्ये चित्रात कागद-कापड चिकटवलं, जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स यांनी पहिल्या महायुद्धानंतर कचऱ्यातून चित्रं जुळवली, १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अशा कामांचं मोठं प्रदर्शन भरवलं. यामुळे टाकाऊ वस्तूंना गॅलरीत जागा मिळाली, हे खरंच.

प्रेअरीवर तोवर भंगाराचे ढीग साचू लागले होते. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी असंख्य कुटुंबांना शेतं सोडायला लावली. त्याच दशकात कॅनडाच्या प्रेअरीवर रेल्वेलगतची पाच हजारांवर लाकडी धान्यकोठारं, म्हणजे ग्रेन एलिव्हेटर, उभी होती. पुढे काँक्रीटची मोठी केंद्रं आली, १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेवाहतुकीचं सरकारी अनुदान संपलं, आडमार्गावरचे रूळ उखडले गेले आणि बहुतेक कोठारं जमीनदोस्त झाली. कॅन्ससमधल्या मलिनव्हिलचे एम. टी. लिगेट शेतीयंत्रांचं भंगार जोडून रस्त्याकडेला शिल्पं उभारत. बरीचशी राजकारण्यांची टर उडवणारी.

जुन्या फळ्यांना आता घरसजावटीच्या बाजारात मागणी आहे. भिंतीवर शोभेला लागलेल्या अशा लाकडात मला फारसा रस नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचे, सोल्टो या आदिवासी समाजातले कलाकार वॉली डियॉन यांचं काम जास्त नेमकं वाटतं. संगणकांतून निघालेले सर्किट बोर्ड जोडून ते मैदानी आदिवासींच्या पारंपरिक, चांदणीची नक्षी असलेल्या गोधडीचे आणि थंडरबर्ड या त्यांच्या पुराणकथांतल्या पक्ष्याचे आकार घडवतात. सामान नव्या काळातलं, पण बाहेरून आलेल्या वस्तूवर आपलं चित्र चढवण्याची रीत हिशेबाच्या वह्यांवर काढणाऱ्यांचीच.